टोमॅटोची बगलफूट : खुडावी की ठेवावी?



या पानांवर आपण नेहमी उसाचेच बोलतो. लागण, बांधणी, खताचे हप्ते, तोडणीचा कार्यक्रम, एवढ्यातच अंक भरतो. आज मात्र फडातून जरा बाहेर येऊन वस्तीवरच्या मोरीमागे जायचे आहे. तिथे चार-दोन वांगी, अळूचा एक वाफा, कढीपत्त्याचे झाड आणि सात-आठ टोमॅटोची रोपे असतात. ही बाग सातबाऱ्यावर लागत नाही, तिचे बिल कारखान्यातून निघत नाही. पण रोजची आमटी-कोशिंबीर तिच्यावर चालते. २०२३ सालच्या जुलै-ऑगस्टात टोमॅटो किलोला दीडशे-दोनशे रुपयांपर्यंत चढला होता, तेव्हा ज्यांच्या दारात पाच झाडे लागती होती त्यांना या बागेची किंमत बरोबर कळली.

या बागेविषयी एक प्रश्न वारंवार कानावर येतो. टोमॅटोच्या बगलेतून जी फूट येते ती काढायची की राहू द्यायची? कुणी म्हणते, काढली नाही तर झाड नुसते माजते. कुणी म्हणते, जित्या झाडाचे हातपाय कशाला मोडता? नारायणगावकडचे टोमॅटोचे प्लॉट पाहून आलेला मुलगा घरी येऊन सांगतो, "आई, बांबू-तार लाव आणि खालची फूट काढून टाक." आई म्हणते, "माझ्या सासूने कधी काढली नव्हती आणि पाट्यांनी तांबाटी निघत होती." दोघेही खोटे बोलत नाहीत. गोम अशी की दोघे वेगवेगळ्या झाडांविषयी बोलत असतात.

आमच्याच घरची फजिती

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी आमची चूक सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आईने पौषात टोमॅटोची बारा रोपे लावली होती. फाल्गुनात झाडे गुडघाभर झाली, चांगली डेरेदार झाली, फुलाफळांनी भरली. आम्ही नुकतेच कुठेतरी तारेवर चढवलेले, एका खोडावर वाढवलेले टोमॅटो पाहून आलो होतो. डोक्यात तेच होते. आई बाजाराला गेलेली पाहून आम्ही एका सकाळी बाराही झाडांची बगलफूट साफ काढली. वर पानेही विरळ केली. झाडे सोट्यासारखी उभी राहिली आणि आम्हाला मोठे काम केल्यासारखे वाटले.

चैत्राचे ऊन लागले तसा हिशेब समजला. उघड्या पडलेल्या फळांच्या उन्हाकडच्या अंगाला आधी पिवळसर, मग पांढरा, कागदासारखा चट्टा पडला. चट्ट्याखालचा गर मऊ होऊन सडू लागला. आणि त्याहून वाईट म्हणजे झाडांची वाढच थांबली. शेंड्याला एकेक घोस आला तेवढाच, पुढे नवे फूल नाही. बारा झाडांची मिळून जेमतेम दोन घमेली फळे हाती लागली. एरवी वैशाखापर्यंत घरचा टोमॅटो पुरायचा. आई फार बोलली नाही. एवढेच म्हणाली, "तुम्हा बापलेकांच्या उसाचे फुटवे मोडायला मी कधी फडात आले होते का रे?"

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की आईचे बियाणे बुटक्या जातीचे होते. म्हणजे आम्ही जी फूट काढली ती फूट नव्हतीच. ते पुढचे पीक होते. असे का, ते नीट समजून घेऊ.

बगलफूट म्हणजे काय

टोमॅटोच्या खोडाला जिथे पान जोडलेले असते त्या बेचक्यात एक डोळा असतो. त्यातून जो नवा कोंब निघतो ती बगलफूट. तो वाढू दिला तर त्याचीच फांदी होते, तिला पाने येतात, फुलांचे घोस येतात, फळे येतात आणि तिच्याही बेचक्यांतून पुन्हा कोंब निघतात. फुलांचा घोस मात्र बेचक्यातून येत नाही. तो दोन पानांच्या मधल्या खोडातून सरळ बाहेर पडतो. हा फरक ध्यानात ठेवावा. नवख्या माणसाचे हात बगलफूट म्हणून पुष्कळदा घोसच खुडतात, नाहीतर मुख्य शेंडा मोडतात.

उसातले फुटवे आपल्याला काही नवे नाहीत. उसात आपण काय करतो? फुटवे एकसारखे यावेत म्हणून काही जण जेठा कोंब मोडतात. पुरेसे फुटवे आले की बाळबांधणी करतो आणि पुढे मोठी बांधणी करून उशिरा येणाऱ्या फुटव्यांना आळा घालतो. कारण एकरी ४० हजारांच्या आसपास गाळपालायक ऊस उभे राहिले पाहिजेत. त्याहून जास्त दाटी झाली तर ऊस बारीक राहतो आणि मागाहून आलेले फुटवे नुसते खत-पाणी खातात. म्हणजे फुटवा वाईट असे आपण म्हणत नाही. किती, केव्हाचा आणि कशासाठी, हे पाहतो. टोमॅटोलाही हाच न्याय लावायचा. फक्त तिथे काम उलटे आहे. उसात जेठा मोडून बाजूचे वाढवायचे, टोमॅटोत बाजूचे मोडून जेठा वाढवायचा की नाही, हा प्रश्न आहे.

पहिला सवाल जातीचा

टोमॅटोच्या मुख्य दोन तऱ्हा. एक उंच वाढणारी, दुसरी बुटकी.

उंच जातीचा शेंडा थांबत नाही. खाली फळे पिकत असतात आणि वर नवी पाने, नवे घोस येत राहतात. साधारण तीन पाने झाली की एक घोस, पुन्हा तीन पाने, पुन्हा घोस, असा तिचा क्रम. आधार दिला तर माणसाच्या डोक्यावर जाते. जुन्या सभासदांना पुसा रुबी आठवत असेल, ती याच तऱ्हेची. अशा झाडाची बगलफूट काढली तरी मुख्य खोडावर पीक येतच राहते. उलट सगळीच फूट ठेवली तर गुंतागुंत होते, फळे लहान राहतात, आतल्या पानांना वारा लागत नाही.

बुटक्या जातीचे तसे नाही. तिच्या घोसांमध्ये एक-दोनच पाने असतात आणि काही घोस झाले की खोडाचा शेंडाच घोसात संपतो. पुढे त्या खोडाची वाढ नाही. पुढची सगळी वाढ आणि सगळे पीक बगलफुटीवर. रोमा आणि पुसा अर्ली ड्वार्फ या जाती अशा. ही आपोआप खुंटण्याची खोड १९१४ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात टोमॅटोच्या एका झाडात प्रथम दिसली आणि तिच्यावरून पुढे जगभर बुटक्या जाती तयार झाल्या. निसर्गानेच ज्या झाडाची छाटणी करून ठेवली आहे त्याची आपण आणखी छाटणी केली की काय होते, ते आमच्या बारा झाडांनी दाखवले.

मधली तऱ्हाही आहे. काही दिवस उंच वाढते आणि मग थांबते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही जात अशी आहे. तिथे पहिल्या घोसाच्या खालची फूट तेवढी काढावी, वरची ठेवावी.

ओळखायचे कसे? बियाण्याचे पाकीट फेकू नका. बुटकी असेल तर त्यावर 'डिटरमिनेट', उंच असेल तर 'इनडिटरमिनेट' आणि मधली असेल तर 'सेमी-डिटरमिनेट' असा शब्द बहुधा छापलेला असतो. पाकीट नसेल, रोपे बाजारातून आणली असतील किंवा उष्ट्या-खरकट्याबरोबर पडलेल्या बियांतून आपसूक उगवली असतील, तर घाई करू नये. दोन-तीन घोस येऊ द्यावेत आणि मधली पाने मोजावीत. तीन-तीन पाने असली आणि शेंडा जोमात असला तर उंच. एक-दोन पाने असली आणि शेंड्यालाच घोस आला तर बुटकी. मोजायला पैसा पडत नाही.

दुसरा सवाल हंगामाचा

जात उंच असली तरी बाराही महिने सारखी खुडणी चालत नाही.

पावसाळ्यात लावलेल्या टोमॅटोचा मोठा शत्रू करपा. पावसाचे थेंब जमिनीवर आपटतात, मातीबरोबर रोगाचे बीज खालच्या पानांवर उडते, आणि झाड दाट असले तर पाने दिवसभर ओली राहतात. म्हणून या दिवसांत खालची फूट काढून बुंधा मोकळा करणे फायद्याचे. जमिनीला टेकलेली पानेही काढावीत. आणि आपल्याकडे उसाचे पाचट आहेच, ते बुंध्याभोवती चार बोटे जाडीने पसरावे. माती उडत नाही, ओल टिकते, तण दबते. खोडाला मात्र चिकटवू नये, दोन बोटे अंतर सोडावे.

थंडीत लावलेल्या बागेला सगळे मानवते. ऊन सोसण्याइतके, हवा कोरडी. खुडणीचा प्रयोग करायचा असेल तर याच दिवसांत करावा.

उन्हाळ्यात मात्र पान म्हणजे फळाची छत्री. फळ उन्हाने फार तापले की त्याला चट्टा पडतो. हवा ३० अंशांच्या बरीच वर गेली की लाल रंगही नीट भरत नाही, फळ पिवळट-केशरीच राहते. म्हणून माघानंतर पहिल्या घोसाच्या वरची फूट मुळातून काढू नये. अगदीच दाटी झाली तर त्या फुटीची दोन पाने ठेवून फक्त तिचा शेंडा खुडावा. फांदी लांबत नाही, पण सावलीला दोन पाने राहतात. हा मधला मार्ग आम्हाला उशिरा कळला. आधी कळता तर आईची बोलणी वाचली असती.

तिसरा सवाल घरचा

झाड कुणासाठी लावले आहे, हेही पाहावे. एका खोडावर ठेवलेल्या झाडाला फळे मोजकी येतात, पण मोठी येतात आणि थोडी लवकर पिकतात. जागा कमी लागते. दीड फुटावर रोप बसते. मोकळे सोडलेल्या झाडाला फळे लहान पण संख्येने जास्त येतात. त्याला दोन-अडीच फूट जागा लागते. कोशिंबिरीला, विकायला किंवा पाहुण्यांना दाखवायला मोठे फळ बरे. रोज आमटीत दोन फळे चिरून टाकायची तर लहान फळे पुष्कळ आलेली बरी. घरात माणसे दहा आणि जागा मोप असेल तर कशाला खुडत बसायचे? दोन वाफ्यांचीच जागा असेल तर उंच जात, काठीचा आधार आणि खुडणी, हे गणित जमते.

आधाराचेही तसेच. काठी-सुतळी लावणार नसाल तर एका खोडावर झाड वाढवू नये, वाऱ्याने आडवे होते. आणि काठी लावली की दर आठवड्याला बांधणे आणि फूट पाहणे आलेच. एकदा खुडले आणि महिनाभर पाहिले नाही तर पुन्हा जंगल होते. तेवढी सवड तोडणीच्या धांदलीत घरातल्या कुणाला आहे का, याचाही विचार व्हावा. बहुतेक घरांत हे काम बाईमाणसाच्याच अंगावर पडते. म्हणून निर्णय तिने घ्यावा, आपण सुतळी आणून द्यावी.

मधला तोडगा म्हणजे दोन खोडांचे झाड. पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट सर्वांत जोमदार असते. ती ठेवावी, तिच्या खालच्या सगळ्या काढाव्यात. वरच्या मात्र, मुख्य खोडावरच्या आणि ठेवलेल्या फांदीवरच्याही, दर आठवड्याला पाहून खुडाव्यात. उंच जातीला हा तोडगा बहुतेक घरी मानवतो.

खुडायचे कसे

कोंब बोटाएवढा, म्हणजे दोन-तीन इंच असतानाच काढावा. सकाळी दव सुकल्यावर, कोरड्या हवेत काढावा, म्हणजे जखम दिवसभरात वाळते. पाऊस चालू असताना किंवा पाने ओली असताना झाडाला हात लावू नये. कोंब अंगठा आणि बोटात धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवला की कट्कन मोडतो. खुरप्याने खरवडू नये. अंगठ्याएवढी जाड झालेली फूट ओढून काढली तर खोडाची साल निघते. ती स्वच्छ ब्लेडने कापावी किंवा तशीच ठेवून तिचा शेंडा मारावा. एका दिवशी सगळे झाड मोकळे करू नये. आठवड्याला दोन-तीन कोंब, एवढा बेत पुरे.

आता एक गोष्ट जरा मनाला लावून घ्यावी. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोला शिवू नये. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूच्या पानातला मोझॅक रोगाचा विषाणू पुडीतल्या तंबाखूतही टिकतो आणि बोटांवरून टोमॅटोच्या ताज्या जखमेत शिरतो. मग पानावर हिरवे-पिवळे ठिपके दिसतात, पान अरुंद होते, झाड खुरटते. त्याला औषध नाही. म्हणून आधी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. रोगट दिसणारे झाड शेवटी हाताळावे आणि त्याची फूट बांधावर न टाकता पुरून टाकावी.

निरोगी झाडाची फूट मात्र फेकू नका. टोमॅटोच्या खोडाला मुळ्या फार लवकर फुटतात. वीतभर लांबीचा, फूल नसलेला कोंब घ्यावा, खालची पाने काढावीत आणि सावलीत ओल्या मातीत किंवा पाण्याच्या पेल्यात ठेवावा. आठ-दहा दिवसांत मुळ्या धरतो. एक डोळ्याची टिपरी लावून ऊस करतो, तसेच हे. आईच्या बागेत एका झाडाची सहा झाडे आम्ही अशीच होताना पाहिली आहेत.

पाण्याचे आणि तणनाशकाचे

खुडलेल्या झाडावर फळे मोजकी असतात, त्यामुळे पाण्याचा ताण आणि अतिरेक दोन्ही फळांवर लगेच दिसतात. आपल्याकडे परसाला पाणी मिळते ते उसाच्या पाळीबरोबर. दहा-पंधरा दिवस कोरडे आणि मग एकदम पाटभर. अशाने फळे तडकतात, बुडाला काळा डाग पडतो. फूट काढायची असेल तर पाण्याची सोय वेगळी करावी. मोरीचे साधे पाणी, दोन कळशा, दिवसाआड, एवढे आठ झाडांना चालते. तेवढे जमणार नसेल तर फूट राहू द्यावी.

दुसरे म्हणजे, शेंडा वळलेला, पाने दोरीसारखी लांबट झालेली दिसली की काही जण तो शेंडा आणि फूट खुडून टाकतात. आधी आठवा, शेजारच्या उसात २,४-डी मारले होते का? रुंद पानांच्या तणांवरचे हे औषध उसाला सोसते, पण टोमॅटोला त्याचा वाऱ्याबरोबर आलेला तुषारही पुरतो. पंप नीट न धुता तोच परसात वापरला तरी हेच होते. मार थोडा असेल तर झाड पुढे सावरते, नवी पाने नीट येतात. अशा झाडाला त्या दिवसांत खुडणीचा दुसरा घाव घालू नये.

चार आणि चार

फजितीच्या पुढच्या वर्षी आईनेच तोड काढली. कार्तिकात उंच जातीची आठ रोपे लावली. चार झाडांना काठी देऊन दोन खोडांवर ठेवले, चार मोकळी सोडली. आम्हाला काठ्या रोवायचे काम दिले आणि वर ताकीद दिली, "आता विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." पौषात पहिले लाल फळ काठीच्या झाडावर आले आणि ते मुठीएवढे होते. मोकळ्या झाडांची फळे मागून आली, लहान आली, पण उन्हे तापल्यावरही पानांच्या आड शाबूत राहिली आणि मोजदाद केली तेव्हा पाट्या त्यांच्याच जास्त निघाल्या. एका घरच्या आठ झाडांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण आईचा निकाल लागला. आता ती दरवर्षी चार आणि चार लावते. काठीची झाडे माघापर्यंतच्या कोशिंबिरीसाठी, मोकळी झाडे उन्हाळ्याच्या आमटीसाठी.

तेव्हा खुडावी की ठेवावी, याला एका शब्दात उत्तर नाही. झाड बुटके असेल तर ठेवा. उंच असेल तर पावसाळ्यात खालची काढा, थंडीत एक-दोन खोडांवर आणा, उन्हाळ्यात हात आवरा. जात कळत नसेल तर पाने मोजा आणि तोवर थांबा. राहिलेली फूट पुढच्या आठवड्यातही काढता येते. काढलेली पुन्हा चिकटवता येत नाही.

आपल्या परसात असे चार-चार झाडांचे करून पाहिले असल्यास, कोणती जात, केव्हाची लागण आणि काय अनुभव आला, हे आपल्या गट कार्यालयात लिहून द्यावे. विशेषतः भगिनींनी कळवावे, कारण ही बाग त्यांची आहे. निवडक अनुभवांना पुढील अंकांत आम्ही आनंदाने जागा देऊ.